सम मोकळी सोडून बघ

सांगली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल मिळाली. तुझ्या मैत्रिणीनं केलेला ११ मिनिटांचा लघुपट मी तीनदा बघितला. एकदा तुझ्या संगीतासकट, एकदा संगीत बंद करून फक्त संवाद आणि आवाज, आणि तिसऱ्यांदा सगळंच बंद करून नुसती चित्रं. तू विचारलं आहेस की पडद्यासाठी संगीत करणं हे आयुष्यभराचं काम म्हणून धरावं का, आणि धरलं तर मुंबई गाठावी का. ते सांगतोच. पण आधी स्वयंपाकघरातल्या त्या प्रसंगाविषयी बोलू दे, कारण तुला जे विचारायचं आहे त्याची सुरुवात तिथंच होते.

मुलगी मोरीत भांडी घासतेय. नळ चालू आहे. वडील दाराच्या चौकटीला हात लावून उभे. मुलगी नळ बंद करते, आणि मग वडील सांगतात की मळीचं रान विकलं. एवढाच प्रसंग. तू पहिल्या फ्रेमपासून बासरी लावलीस, मारव्याच्या अंगानं. सुरेल आहे. कोमल ऋषभावर तू जशी थांबतेस तशी थांबायला मला पंधरा वर्षं लागली होती, हे खरं सांगतो. पण वडील बोलायला लागतात तेव्हा तुझी बासरी तार सप्तकात गेलेली असते आणि वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, ज्यांवरून आपल्याला शब्द कळतो, ती साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. बासरीची फुंक आणि रिव्हर्बची शेपटी नेमकी तिथंच येऊन बसते. परिणाम असा झाला की त्या माणसानं आयुष्यात सगळ्यात जड उच्चारलेला शब्द, 'विकलं', तो तुझ्या फुंकीखाली दबून गेला. मला तो शब्द दुसऱ्यांदा बघताना ऐकू आला.

आता लय बघ. तू मिनिटाला ९० मात्रांची लय धरलीस आणि सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं करून समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खर्ज, खालचा सा, दिलास. प्रसंग सुरू झाल्यापासून नळ बंद होतो २२ सेकंद १२ फ्रेमवर. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबानं साडेबावीस सेकंद. ९० च्या लयीत ३२ मात्रा २१ सेकंद आणि वर थोडं एवढ्यातच संपतात. म्हणजे तुझी सम येऊन गेली आणि तिच्या पावणेदोन मात्रा नंतर नळ बंद झाला. बघणाऱ्याला हे गणित कळत नाही, पण संगीत आणि बाई वेगवेगळ्या घरात राहतात असं काहीतरी त्याला वाटत राहतं.

गणित उलटं कर. साडेबावीसला ३२ नं भाग, एका मात्रेला ०.७०३ सेकंद येतात. ६० ला त्यानं भाग. ८५.३३. ही तुझी लय. सॉफ्टवेअरमध्ये तेवढा आकडा टाक, आता तुझी सम बरोबर त्या नळावर येईल. आणि मग त्या समेवर काहीही वाजवू नकोस. सम मोकळी सोड. नळ बंद होण्याचा तो 'टक्' आवाज आहे ना, तीच तुझी सम. त्यानंतर वडिलांचं वाक्य कोऱ्या शांततेत पडू दे. एवढं करून बघ आणि मग मला सांग की पुढं बासरीची गरज उरते का. मला वाटतं उरत नाही. मुलगी पुन्हा नळ सोडते तिथं एखादा स्वर आणता येईल, पण तेही बघून ठरव.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. मुंबईत नाही. इथंच शिकलो, आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेजारी बसून.

अण्णा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. भावे नाट्यमंदिरात प्रयोग असला की मला सोबत न्यायचे. मी रंगमंचासमोर खाली त्यांच्या स्टुलाला टेकून बसायचो आणि त्यांचे पाय भात्यावर वरखाली होताना बघायचो. अण्णा पट्ट्यांकडे कधीच बघायचे नाहीत. त्यांची नजर नटाच्या गळ्याखाली, छातीवर असायची. पद यायच्या आधी गद्य चालू असतं ना, ते संपायला दोन वाक्यं उरली की ते षड्ज-पंचम इतका हळू धरायचे की तिसऱ्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचा नाही. पण नटाला मिळायचा. नट वाक्य संपवून थेट त्या स्वरात उभा राहायचा आणि लोकांना वाटायचं, वा, काय सुरात उचललं! एकदा मी विचारलं, सूर आधीच मोठ्यानं का देत नाही? ते म्हणाले, मग लोकांना आधीच कळेल की आता हा गाणार.

मी पडद्यासाठी तीसेक वर्षं काम केलं. या एका वाक्याच्या पुढं मी फारसा गेलेलो नाही. संगीत कधी सुरू झालं हे लोकांना कळू नये, पण ज्याच्यासाठी आहे त्याला ते मिळावं. आपलं काम साथीचं आहे, पोरी. मैफल आपली नाही. मैफल त्या बाईची आहे जी भांडी घासतेय. तुझ्यात एक गायिका बसलेली आहे आणि ती प्रत्येक दृश्यात पुढं येऊ बघते. तिला मारू नकोस, तिच्यामुळंच तुझा कोमल ऋषभ तसा लागतो. पण तिला मागं बसायची सवय लाव.

आपल्या भागाला हे नवं नाही. याच गावात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, म्हणून आजही तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. पुढं १९३२ साली शेजारच्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं मराठीतला पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा', तेव्हा त्याचं संगीत कुणाकडं होतं? गोविंदराव टेंब्यांकडं. नाटकाचे संगीतकार, नट, लेखक असं सगळं ते होते, पण त्या काळच्या लोकांच्या मनात ते आधी पेटीवाले होते. भास्करबुवा बखल्यांसारख्या मोठ्या गवयाच्या साथीला बसलेले. मराठी बोलपटाच्या संगीताची सुरुवात एका साथीदारानं केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मग पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, शांतारामबापूंनी 'कुंकू' केला. संगीत केशवराव भोळ्यांचं. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकलं आणि घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज त्या जागी वापरले. ध्वनिमुद्रणाची साधनं तेव्हा किती तोकडी होती! तरी त्यांना सुचलं की इथं वाद्य नको. आज तुझ्या लॅपटॉपमध्ये शंभर व्हायोलिनं आहेत, म्हणून ती वाजलीच पाहिजेत असं थोडंच आहे?

आता कामाचं.

दिग्दर्शकाबरोबर पहिल्यांदा चित्रपट बघायला बसशील तेव्हा रागाचं, तालाचं, वाद्यांचं नाव काढू नकोस. तो बिचारा घाबरतो आणि मग माहिती असल्यासारखं बोलायला लागतो. त्याला दोनच गोष्टी विचार. इथं या पात्राला काय माहीत आहे, आणि बघणाऱ्याला काय माहीत आहे? वडिलांनी रान विकलंय हे बघणाऱ्याला आधीच कळलेलं असेल तर संगीत मुलीच्या अजाणतेपणाबरोबर जाईल. बघणाऱ्यालाही माहीत नसेल तर संगीतानं आधीच रडायला लागणं म्हणजे चहाडी करणं. तुझ्या बासरीनं तेच केलं. पहिल्या सेकंदालाच तिनं सांगून टाकलं की काहीतरी वाईट होणार आहे.

दुसरं, रेफरन्सचं दुखणं. एडिटर कापताना कुठलं तरी तयार संगीत खाली टाकून ठेवतो. दिग्दर्शक ते दोन महिने रोज ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. मग तू काहीही दिलंस तरी त्याला ते कमीच वाटतं. यावर चिडायचं नाही, आणि नक्कल तर अजिबात करायची नाही, ती पकडली जाते आणि पुढं कोर्टात उभं राहायला तूच असतेस. त्याऐवजी विचार, या तुकड्यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं? एका चित्रपटात एकानं परदेशी व्हायोलिनांचा मोठा तुकडा टाकला होता आणि हट्टच धरून बसला होता. मी त्याच्यासोबत तो प्रसंग आठ-दहा वेळा बघितला. शेवटी कळलं की त्याला व्हायोलिनं नको होती, तो तुकडा प्रसंग सुरू झाल्यावर चाळीस सेकंद उशिरा येत होता, ते त्याला आवडलं होतं. मी एक दिलरुबा तेवढ्याच उशिरानं आणला. पहिल्या ऐकण्यात पास.

एडिट लॉक झाल्याशिवाय, म्हणजे कापाकापी कायमची संपल्याशिवाय, बारीक मोजमापाचं काम सुरू करू नकोस. धून शोध, वाद्यं ठरव, पण फ्रेमला फ्रेम जुळवायला घेऊ नकोस. 'लॉक झालंय' असं सांगून लोक नंतर पाच सेकंद काढतात आणि तुझी सगळी आवर्तनं मोडतात. फ्रेम रेट लेखी विचार. २४ वर कापलेलं चित्र टीव्हीसाठी २५ वर चालवलं की दहा मिनिटांचा भाग २४ सेकंद आधी संपतो. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात ही चूक झाली होती. अख्खी रात्र बसून सगळे तुकडे पुन्हा जुळवले, आणि सकाळी तबलजीला फोन करून परत बोलवावं लागलं. त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची दे. स्टेम, म्हणजे एकेका वाद्यगटाचे ट्रॅक, वेगवेगळे, सगळे एकाच टाइमकोडपासून सुरू होणारे. मिक्सिंग करणाऱ्याला तुझा खर्ज वेगळा खाली घेता आला पाहिजे, नाहीतर तो सगळंच खाली घेईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तुझ्या संगीतातल्या तानपुऱ्याबद्दल एक बोलायचं राहिलं. तो सॅम्पल आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तयार मुद्रित आवाज, लगेच कळतं. चार छेडण्या झाल्या की पुन्हा तीच पहिली छेडणी येते, अगदी तशीच. मिरज तुझ्यापासून दहा किलोमीटरवर आहे गं! जगभरचे गवय्ये जिथून तानपुरे नेतात, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते गाव तुझ्या बसच्या शेवटच्या स्टॉपवर आहे आणि तू परदेशी कंपनीचा तानपुरा वापरतेस.

एक दिवस सतारमेकर गल्लीत जा आणि कुणी जवारी काढत असेल, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज उघडत असेल, तिथं बस. विचारून बस, ते नाही म्हणत नाहीत. माझा तानपुरा मी तिकडंच नेतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा कारागिरानं तार सैल करून घोडीवरून बाजूला घेतली, कानशीनं घोडीचा माथा दोनदाच घासला, फुंकर मारली, तार परत चढवली. छेडली. मान हलवली. पुन्हा उतरवली. असं किती वेळ चाललं असेल? दुपारचा चहा होऊन गेला. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घातला आणि नखानं तो केसभर पुढं सारला. आणि जो आवाज उघडला म्हणतेस! जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांमधल्या, तारेतून आधी जे नुसतं 'टंग' होतं, त्यात गंधार स्वतःहून बोलायला लागला. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत होतो. तो तारेकडं बघतच नव्हता, डोळे मिटून भिंतीकडं कान करून बसला होता, कारण त्याला भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकायचा होता. असा तानपुरा एका साध्या माइकवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेव. प्रत्येक छेडणी निराळी येईल, मधेच खुंटी किंचित उतरेल, दांडीवर बोट घासल्याचा आवाज येईल. राहू दे ते. दृश्याखाली तेच जिवंत वाटतं.

आणि फक्त वाद्यंच नव्हे. पहाटे हरिपूरला संगमावर जाऊन तासभर रेकॉर्डर लावून बस. बोलू नकोस, फोन बंद ठेव. हळदीच्या पेठेत सौदे चालू असताना जा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चढावर कशा कण्हतात ते ऐक. उरुसाला मिरजेच्या दर्ग्यात रात्रभर बस, जिथं गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत आजही कलाकार येऊन हजेरी लावतात. मी मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहायचो तेव्हा माझ्याजवळ पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, पण हे आवाज होते. गावाकडचं दृश्य आलं की बाकीचे टाळ आणि चिपळ्या काढायचे. मला माहीत होतं की दुपारी तीन वाजता गावात टाळ वाजत नाही. गिरणीचा पट्टा वाजतो.

मुंबईचं म्हणशील तर जा. पण संगीतकार म्हणून जाऊ नकोस, हाताखाली काम करायला जा. मी १९८९ साली महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो तेव्हा बाकड्याखाली पेटी होती. पहिली तीन वर्षं मी शिफ्टवर पेटी वाजवली, वादकांसाठी नोटेशन उतरवून दिली, चहा आणला. तेव्हा बॅकग्राउंड म्हणजे १००० फुटांचं एकेक रीळ पडद्यावर चालवायचं, साधारण ११ मिनिटांचं, आणि संगीतकार हातात स्टॉपवॉच घेऊन टिपणं करायचा. मग तिथल्या तिथं लिहायचं आणि वादकांकडून वाजवून घ्यायचं. कमी पैशांच्या मराठी चित्रपटाचं सगळं बॅकग्राउंड दोन-तीन शिफ्टमध्ये आटपलेलं मी बघितलंय. ज्यांच्या हाताखाली मी होतो ते बोलायचे कमी. पण कुठल्या दृश्याला त्यांनी वहीत नुसती एक आडवी रेघ मारली, म्हणजे इथं काही नाही, हे मी बघायचो आणि रात्री खोलीवर जाऊन त्या रेघांचं कारण शोधायचो. माझं शिक्षण त्या रेघांवर झालं.

आज फाइल सांगलीतून पाठवता येते, हे खरं. माझी शेवटची चार कामं मी इथंच बसून केली. पण ती मला मिळाली कारण वीस-पंचवीस वर्षं मी त्या लोकांबरोबर एका खोलीत बसलो होतो. दिग्दर्शक काय बोलतो यापेक्षा तो कुठं खुर्चीत सावरून बसतो हे बघायला शेजारी असावं लागतं. म्हणून दोन-तीन वर्षं जा. कुणाच्या तरी हाताखाली, कामाचे दिवस ठरवून, थोडे का होईना पैसे घेऊन. फुकट नको. जो तुला 'अनुभव मिळेल' एवढ्यावर राबवतो, त्याच्याकडं अनुभवही तसाच मिळतो. मालिकेचं काम आलं तर घे. तिथं थीमची बँक करून द्यावी लागते, नायिकेची, सासूची, ताणाची, रडण्याची, आणि एडिटर ती रोज हवी तशी लावतो. हात जलद होतो, डेडलाइनची भीती जाते, घरभाडं निघतं. मी चार वर्षं केलं. पण त्यात दृश्य बघायची सवय सुटते, कारण दृश्य तुझ्यासमोर येतच नाही. सोबत एखादा लघुपट, एखादी माहितीपटाची फीत चालू ठेव.

आता ते, जे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या स्वतंत्र चित्रपटाला निर्मात्यानं स्टॅम्प पेपरवर दोन ओळींवर सही घेतली, सर्व हक्क कायमचे दिले म्हणून. अर्धे पैसे काम झाल्यावर, तेही आले नाहीत. माझी शीर्षक धून पुढं कित्येक वर्षं टीव्हीवर वाजत राहिली. अण्णा आजारी होते, दवाखान्यातल्या टीव्हीवर ती धून लागली तेव्हा ते कौतुकानं नर्सला म्हणाले, ही आमच्या मुलाची. मी त्या दिवशी औषधांसाठी मित्राकडून पैसे घेऊन आलो होतो.

तुझं तसं होऊ नये म्हणून नीट वाच. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात वापरलेल्या संगीताचा आणि गीताचा जो कर्ता आहे, त्याचा रॉयल्टीतल्या समान वाट्याचा हक्क त्याला आता सोडून देताच येत नाही. चित्रपटगृहात चित्रपट दाखवला जातो तेवढं वगळून बाकी सगळ्या वापरासाठी, म्हणजे टीव्ही, ऑनलाइन, रेडिओ. तो हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात 'रॉयल्टी सोडली' असं लिहिलेलं असलं तरी कायद्यापुढं ते टिकत नाही. पार्श्वसंगीतही संगीतकृतीच आहे, फक्त गाणं नव्हे. आयपीआरएसची सभासद हो, ती संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी, १९६९ पासूनची संस्था आहे. आणि प्रत्येक कामाची क्यू शीट स्वतः भर. कुठला तुकडा, कुठून कुठपर्यंत, किती सेकंद, शीर्षकाला की दृश्याखाली, कुणाचा. कंटाळवाणं काम आहे, शेवटच्या दिवशी कुणालाच नको असतं, पण तो कागद नसेल तर पैसे आले तरी ते तुझे आहेत हे कुणाला कळणार नाही.

पॅकेज डील देतील, म्हणजे एक ठोक रक्कम, त्यातूनच वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं तुझं. सही करायच्या आधी वादकांचा खर्च कागदावर मांड. वादकाचे पैसे त्याच दिवशी दे, तुझे राहिले तरी चालतील. शेवटचा हप्ता खात्यात आल्यावरच स्टेम हातातून सोड. नाव कुठल्या पाटीवर, कसं येणार हे करारात लिहून घे. आणि कापलेला टीडीएस खरंच भरलाय का ते वर्षाच्या शेवटी बघत जा.

दोन गोष्टी माझ्या अंगावर आल्या म्हणून सांगतो. माझ्या डाव्या कानात गेली बारा वर्षं रात्रंदिवस बारीक शिट्टी वाजते. हेडफोन मोठ्यानं लावून पहाटेपर्यंत काम केल्याचं हे फळ. ८५ डेसिबलला आठ तास हीच मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलनं वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास. हे आकडे भिंतीवर लिहून ठेव. हळू ऐकायची सवय लाव, संवाद कुठं दबतोय हे हळू आवाजातच कळतं. झालेलं काम मोबाइलच्या स्पीकरवर ऐक, आईच्या टीव्हीवर ऐक, मिक्सरवर चटणी वाटत असताना ऐक. लोक तसंच बघतात.

दुसरी गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत असशील. माझं काम तळमजल्यावर होतं. पेटी आम्ही वर नेली, तानपुरा नेला, अण्णांचा ऑर्गन चौघांनी मिळून जिन्याच्या वळणापर्यंत नेला आणि तिथं अडकला. हार्डडिस्कची पेटी टेबलाखालीच राहिली. कुणाच्या लक्षातच आलं नाही. सतरा वर्षांचे मूळ ट्रॅक गेले. पाणी उतरल्यावर चिखलातून एकेक डिस्क धुऊन उन्हात ठेवली, बायको म्हणाली, कुरडया वाळत घातल्यासारख्या. एकही उघडली नाही. त्यांत ज्यांची सारंगी होती ते वादकही आता नाहीत. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या गावात. तुझी मावशी विट्याला असते म्हणालीस ना? तिच्या कपाटात ठेव.

संगीतकार व्हायचं का, हे तू विचारलंस. गायला मिळावं म्हणून हे काम करणार असशील तर नको, तू गा, चांगली गातेस. पण त्या नळाचा 'टक्' तुला परवा रात्री झोपताना आठवला असेल, आणि उठून लॅपटॉप उघडावासा वाटला असेल, तर पुढं बोलू.

आता असं कर. ८५.३३ च्या लयीवर तो प्रसंग पुन्हा बांध. दोन प्रती आण. एकीत समेनंतर काहीच नाही. दुसरीत मुलगी पुन्हा नळ सोडते तिथून फक्त तानपुऱ्याचा जोड, खरा तानपुरा. आपण दोन्ही शेजारी शेजारी लावून बघू. तुझ्या मैत्रिणीलाही आण, कारण त्या दोन प्रतींतली कुठली ठेवायची हे तिनं ठरवायचं आहे, आपण नाही. मी गुरुवारी संध्याकाळी घरीच आहे. साडेपाचनंतर ये, तोवर शेजारची पिठाची गिरणी बंद झालेली असते.

तुझा,
काका

ता. क. मिरजेला जाशील तेव्हा माझ्या तानपुऱ्याच्या पंचमाच्या खुंटीबद्दलही विचारून ये. पावसाळ्यात ती फिरायला लागलीय.